मुलीसाठी कॅथोलिक गर्ल्स स्कूल : ठरवण्याआधी काय बघावं?



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हमखास निघणारे दोन विषय म्हणजे ग्रीन कार्ड आणि शाळा. त्यातून मुलगी पाचवीत किंवा सातवीत आली असेल तर एक प्रश्न ठरलेला. "आमच्या घराजवळ कॅथोलिक गर्ल्स स्कूल आहे. शिस्त आहे, अभ्यास चांगला आहे, युनिफॉर्म आहे. पण शाळा बरीच कॉन्झर्वेटिव्ह आहे म्हणतात. घालावं का?"

हा लेख अमेरिकेतल्या शाळांबद्दल आहे. "घाला" किंवा "घालू नका" असं उत्तर त्यात मिळणार नाही, कारण ते प्रत्येक घराचं वेगळं असणार. काय विचारायचं, कुठे बघायचं आणि शाळेच्या भाषेचा अर्थ काय लावायचा, ही माहिती एका जागी मिळावी एवढाच हेतू आहे. (मंडळात वसईकडची मराठी कॅथोलिक कुटुंबंही आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न अर्थातच वेगळा आहे. हे लेखन मुख्यतः बिगर-कॅथोलिक घरांसाठी.)

१. डोक्यातलं 'कॉन्व्हेंट' बाजूला ठेवा

आपल्यापैकी बऱ्याच जणी मुंबई-पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या, किंवा बहीण तरी शिकली. तिथली रीत आपल्याला पाठ आहे. कॅथोलिक मुलींचा कॅटेकिझमचा तास चालू असताना बाकीच्यांना 'मॉरल सायन्स'. आवारात मेरीचा पुतळा, नाताळात कॅरोल, वर्गात निम्म्याहून जास्त मुली हिंदू. धर्म इमारतीत होता, प्रगतिपुस्तकात नव्हता.

यामागे फक्त सिस्टर्सचा समजूतदारपणा नव्हता, कायदाही होता. भारतीय राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही स्वतःच्या (मूल अज्ञान असेल तर पालकांच्या) संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही.

अमेरिकेत गोष्ट उलटी आहे. १९६२ च्या निकालापासून पब्लिक स्कूलला प्रार्थना घेता येत नाही, पण खाजगी धार्मिक शाळेवर असं बंधन नाही. ऑरेगन राज्याने सगळ्या मुलांना पब्लिक स्कूलची सक्ती केली होती, तेव्हा सिस्टर्सच्या एका संघानेच १९२५ साली सुप्रीम कोर्टात ती रद्द करून घेतली. त्या निकालाने पालकांना शाळा निवडण्याचा हक्क मिळाला आणि अशा शाळांचं अस्तित्वही सुरक्षित झालं. त्यामुळे इथे थिऑलॉजी हा बहुधा सगळ्यांना सक्तीचा, दरवर्षीचा, मार्कांचा विषय असतो आणि कित्येक शाळांत तो जीपीएमध्येही धरतात. मिस्सेला (म्हणजे मासला) सगळा वर्ग जातो. "आमची मुलगी त्या वेळी लायब्ररीत बसेल" हे सहसा चालत नाही. संमतीचा प्रश्न प्रवेशाच्या फॉर्मवर सही करतानाच संपलेला असतो.

म्हणून पहिला मुद्दा. इथली शाळा आपल्या आठवणीतल्या कॉन्व्हेंटवरून जोखू नका.

२. सगळ्या कॅथोलिक शाळा एका साच्यातल्या नसतात

ढोबळमानाने चार प्रकार दिसतात.

*पॅरिश किंवा डायसिसच्या शाळा.* एखाद्या चर्चच्या किंवा धर्मप्रांताच्या ताब्यातल्या. बहुतेक आठवीपर्यंत, मुलं-मुली एकत्र, फी तुलनेने कमी. इथे दुसरीचं वर्ष लक्षात ठेवा. 'फर्स्ट कम्युनियन'ची तयारी त्याच वर्षी वर्गात चालते आणि सगळ्या मैत्रिणी पांढऱ्या झग्याच्या गोष्टी करत असताना आपली सात वर्षांची मुलगी बाजूला राहते.

*सिस्टर्सच्या संघांनी काढलेल्या शाळा.* न्यू ऑर्लिन्सची अर्सुलाइन अकॅडमी १७२७ पासूनची, वॉशिंग्टनची जॉर्जटाउन व्हिजिटेशन १७९९ पासूनची. सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट हा संघ मूळ १८०० साली फ्रान्समध्ये सुरू झाला. मुंबईचं सोफिया कॉलेज (१९४०) याच संघाचं, आणि अमेरिकेतही त्यांच्या शाळांचं जाळं आहे. अशा कित्येक शाळांचं वातावरण बरंच मोकळं असतं. इतर धर्मांची ओळख करून देणारा तास, समाजसेवेवर भर वगैरे. पण सगळेच संघ तसे नाहीत. नॅशव्हिलच्या डॉमिनिकन सिस्टर्स आजही पूर्ण झग्यात शिकवतात आणि त्यांची शिकवण परंपरेला धरून असते.

*सामान्य पालकांनी काढलेल्या स्वतंत्र शाळा.* यातल्या काहींचं आध्यात्मिक मार्गदर्शन ओपस देई या संस्थेकडे असतं (स्थापना स्पेनमध्ये, १९२८). व्हर्जिनियातली ओकक्रेस्ट, मॅसॅच्युसेट्समधली माँट्रोज आणि शिकागोजवळची विलोज अकॅडमी या अशा तीन शाळा. तिन्ही फक्त मुलींच्या, सहावी ते बारावी. अभ्यास कसून घेतात आणि श्रद्धेबद्दल आडपडदा ठेवत नाहीत. लोक 'कॉन्झर्वेटिव्ह गर्ल्स स्कूल' म्हणतात ते बहुधा या किंवा याआधीच्या प्रकारातल्या शाळांना.

*जुन्या लॅटिन मिस्सेच्या शाळा.* सेंट पायस दहावे यांच्या नावाच्या सोसायटीच्या (स्थापना १९७०) शाळा यात येतात. व्हॅटिकनच्या १९६२–६५ च्या परिषदेतल्या काही निर्णयांना या सोसायटीचा विरोध आहे. आपल्यासारख्या घरांना इथे बसणं फारच अवघड जाईल.

एकूण बघितलं तर अमेरिकेतल्या कॅथोलिक शाळांत आज साधारण १७ लाख मुलं आहेत. १९६० च्या दशकात ती ५० लाखांवर होती. आजच्यांपैकी पाचातलं एक मूल कॅथोलिक नसतं. म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाही. पण ही देशभराची सरासरी झाली. तुमच्या शाळेतल्या वर्गात किती, ते विचारा.

३. 'कॉन्झर्वेटिव्ह' कसं ओळखायचं?

शाळेच्या पाटीवर हा शब्द नसतो. पुढच्या खुणा वेबसाइटवर आणि हँडबुकमध्ये सापडतात.

- मिस्सा महिन्याला एक, आठवड्याला एक, की रोज?
- धर्मगुरूंकडे कन्फेशनसाठी शाळेच्या वेळेतच सोय आहे का?
- शिक्षकांकडून चर्चच्या शिकवणीशी निष्ठेची प्रतिज्ञा घेतात का? पालकांनाही एखाद्या निवेदनावर सही करावी लागते का?
- 'थिऑलॉजी ऑफ द बॉडी' अभ्यासक्रमात आहे का? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ मध्ये दिलेल्या प्रवचनांवर तो आधारलेला आहे.
- जानेवारीत वॉशिंग्टनला निघणाऱ्या गर्भपातविरोधी 'मार्च फॉर लाइफ'ला शाळा बस नेते का? जाणं ऐच्छिक की वर्गाचा भाग?
- हँडबुकमध्ये लिंगओळख, समलिंगी संबंध, गर्भारपण याबद्दल काय लिहिलं आहे?

यातल्या दोन-तीन गोष्टी बहुतेक कॅथोलिक शाळांत असतात. सगळ्याच असतील तर शाळा मनापासून कॉन्झर्वेटिव्ह आहे. यात लपवाछपवी काही नाही. उलट अशा शाळा स्वतःबद्दल स्पष्ट लिहितात. वाचायचं काम आपलं.

४. धर्मांतराची भीती

आजी-आजोबांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि त्याला इतिहास आहे. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झालं, पुढे पुण्याला गेलं. मुली ख्रिस्ती होत आहेत या आरोपावरून १८९३ मध्ये मोठं वादळ झालं आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. रमाबाई कॅथोलिक नव्हत्या, पण "मुलीची शाळा आणि मिशनरी" ही धास्ती मराठी घरात तेव्हापासूनची आहे.

आजचा चर्चचा अधिकृत नियम सांगायचा तर १९६५ च्या दोन दस्तऐवजांत तो आहे. एकात धर्माबाबत कुणावरही जबरदस्ती नको असं म्हटलं आहे. दुसऱ्यात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा आदराने उल्लेख आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतही (नियम ७४८) सक्तीने श्रद्धा स्वीकारायला लावायला मनाई आहे. बिगर-कॅथोलिक मुलीला कम्युनियनचा प्रसाद देतच नाहीत. ती जागेवर बसते, किंवा कित्येक ठिकाणी हात छातीवर दुमडून नुसता आशीर्वाद घेते.

तेव्हा जबरदस्तीची काळजी सोडा. खरी काळजी वेगळी आहे. रोज सात तास एक गोष्ट सत्य म्हणून ऐकणारी मुलगी घरी आल्यावर देवघराकडे कशी बघेल? पहिल्या आज्ञेच्या धड्यात मूर्तिपूजा हे पाप म्हणून शिकवतात. चर्चमध्ये पुतळे असले तरी ती पूजा नव्हे, आदर आहे, असंही शिकवतात. वर्गात बसलेल्या आपल्या मुलीच्या घरी मात्र दीड दिवसाचा गणपती बसतो. ओपन हाउसला थिऑलॉजीच्या बाईंना सरळ विचारा, "वर्गात एक हिंदू मुलगी असताना हा धडा तुम्ही कसा घेता?" उत्तर देताना त्या थबकल्या, विचारात पडल्या तर हरकत नाही. "त्यात काय विशेष?" असं उत्तर आलं तर तेही एक उत्तरच समजा.

५. अभ्यासात काय शिकवतात?

*विज्ञान.* इथे चांगली बातमी आहे. कॅथोलिक शाळा म्हणजे उत्क्रांतीला विरोध, हा समज चुकीचा आहे. तो विरोध मुख्यतः काही प्रोटेस्टंट पंथांचा. १९५० साली पोप पायस बारावे यांनी उत्क्रांतीच्या अभ्यासाला वाट मोकळी ठेवली आणि १९९६ साली जॉन पॉल दुसरे यांनी ती निव्वळ कल्पनेपेक्षा जास्त आहे असं मान्य केलं. विश्व प्रसरण पावतं हे १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः बेल्जियमचे कॅथोलिक धर्मगुरू होते. तरी बायोलॉजीचं पुस्तक कोणतं आणि एपी कोर्स किती, हे बघून घ्या.

*लैंगिक शिक्षण आणि कुटुंब.* इथे थांबून विचार करा. १९६८ च्या पोपपत्राप्रमाणे कृत्रिम संततिनियमन चुकीचं आहे. १९८७ च्या व्हॅटिकनच्या सूचनेप्रमाणे टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे आयव्हीएफही चुकीचं आहे. घटस्फोटानंतर दुसरं लग्न आणि समलिंगी विवाह चर्चला मान्य नाहीत. कॉन्झर्वेटिव्ह शाळेत हे सगळं स्पष्ट शिकवतात.

आता आपलं घर डोळ्यासमोर आणा. आपल्या ओळखीत आयव्हीएफने झालेली मुलं आहेत, कदाचित ती आपलीच आहेत. एखादी मावशी घटस्फोटित असेल, एखादा काका त्याच्या जोडीदाराबरोबर राहत असेल. वर्गात हे ऐकून आलेली मुलगी तुम्हाला विचारेल का, की गप्प बसेल? आणि पुढेमागे मुलीलाच स्वतःबद्दल असं काही जाणवलं, तर या शाळेत ती कुणाशी बोलू शकेल? हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलीकडे बघून विचारणं जड जातं. पण शाळा अठराव्या वर्षापर्यंतची आहे.

*मार्क.* थिऑलॉजीच्या पेपरात "चर्चची शिकवण काय आहे?" असं विचारतात की "तुझं मत काय?" असं? पहिल्या प्रश्नाला आपली मुलगी इतिहासासारखं उत्तर लिहील आणि ए मिळवेल. दुसऱ्या प्रकारात खरं लिहून मार्क जातात का, हे आधी कळलं पाहिजे. जुना पेपर बघायला मागा.

६. फक्त मुलींची शाळा : फायदा किती?

"मुलं नसली की मुली गणित-विज्ञानात पुढे जातात" असं ब्रोशरमध्ये असतं. २०१४ साली पाल्के, हाइड आणि ॲलिसन यांनी २१ देशांतले १८४ अभ्यास एकत्र तपासले, त्यात १६ लाख विद्यार्थी होते. घरची परिस्थिती वगैरे गोष्टी नीट लक्षात घेणाऱ्या अभ्यासांत फक्त मुलींच्या शाळेचा फायदा नगण्य दिसला. म्हणजे अशा शाळांचे निकाल चांगले असतात ते बरेचसे निवडून घेतलेल्या मुलींमुळे आणि जागरूक पालकांमुळे.

याचा अर्थ फायदा शून्य असा नाही. रोबोटिक्स क्लबची कॅप्टन मुलगीच, डिबेट टीममध्ये सगळ्या मुलीच, हे एखाद्या बुजऱ्या मुलीला फार उपयोगी पडू शकतं. पण हा तुमच्या मुलीच्या स्वभावाचा प्रश्न आहे, आकडेवारीचा नाही.

७. छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

मावशीच्या लग्नाची मेंदी दोन आठवडे हातावर राहते, आणि ड्रेस कोडमध्ये "शरीरावर चित्रकाम चालणार नाही" असं असतं. टिकली, चमकी, बांगड्या, मंगळागौरीला लावलेला गजरा, यांचं काय? दिवाळीची सुट्टी धरतात की गैरहजेरी? कॅन्टीनमध्ये शाकाहारी मुलीला रोज काय मिळतं? (लेंटच्या शुक्रवारी कॅथोलिक मांस वर्ज्य करतात, मासे चालतात.) योगासनांबद्दलही काही शाळांना आक्षेप असतो. यातल्या बहुतेक गोष्टींत विचारलं तर सवलत मिळते. ती ई-मेलवर लेखी घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी मुख्याध्यापिका बदलल्या तरी मुलीला दर वेळी खुलासा करत बसावं लागत नाही.

८. पैसे आणि कायदा

- पॅरिश शाळेत चर्चच्या सभासदांना फी कमी आणि बाकीच्यांना जास्त, अशी पद्धत बरीच आहे. स्वतंत्र गर्ल्स स्कूलची फी कित्येक शहरांत वर्षाला ३०,००० डॉलरच्या वर जाते. युनिफॉर्म, बस, सहली आणि देणग्या वेगळ्या.
- ५२९ खात्यातून शाळेच्या फीसाठी २०१८ पासून वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत पैसे फेडरल कर न लागता काढता येऊ लागले. २०२५ च्या कायद्याने ही मर्यादा २०२६ पासून २०,००० केली. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांचा नियम वेगळा आहे, तेव्हा आपल्या सीपीएला विचारा. ॲरिझोना, फ्लोरिडासारख्या राज्यांत खाजगी शाळेच्या फीसाठी सरकारी मदतही मिळते.
- पब्लिक स्कूलमध्ये मुलांना घटनेचं भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण काही प्रमाणात मिळतं. खाजगी शाळेला ते लागू नाही. इथे तुमचा करार म्हणजे हँडबुक आणि प्रवेशाचा करारनामा. मुलीला मध्येच काढलं किंवा तुम्ही काढून घेतलं तर फी परत मिळते का, हे कलम सहीआधी वाचा.
- मुलीला डिस्लेक्सिया, एडीएचडी वगैरे असेल तर पब्लिक स्कूलमध्ये आयईपीचा कायदेशीर हक्क असतो. पालकांनी स्वतःहून खाजगी शाळा निवडली की तो हक्क तसाच्या तसा मागून येत नाही.

९. ओपन हाउसला जाताना

हायस्कूलच्या प्रवेशासाठी ओपन हाउस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतात आणि एचएसपीटीसारखी प्रवेशपरीक्षा बहुतेक ठिकाणी आठवीच्या हिवाळ्यात. त्याआधी एवढं करा.

१. हँडबुक पूर्ण वाचा, आई आणि बाबा दोघांनी, वेगवेगळं. खटकलेल्या ओळी खुणा करून मग एकत्र बसा.
२. थिऑलॉजीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि इंग्लिशची पुस्तकांची यादी मागून घ्या.
३. शाळेतल्या दुसऱ्या हिंदू, मुस्लिम, ज्यू घरांशी बोला. शक्य असेल तर बारावी होऊन गेलेल्या मुलीशीही बोला, कारण ती पालकांपेक्षा खरं सांगते.
४. मुलीला 'शॅडो डे'ला पाठवा, आणि तो मिस्सेचा दिवस निवडा.
५. तिथून आल्यावर "आवडलं का?" एवढंच विचारू नका. "जेवताना कुणाबरोबर बसलीस? घरी कोणता देव मानता असं कुणी विचारलं का? तू काय सांगितलंस?" हेही विचारा.

१०. शेवटी काय बघून ठरवायचं?

आम्ही आयटीवाले लगेच एक्सेल शीट काढतो. फीला २० गुण, एपी कोर्सला १५, अंतराला १०. काढा जरूर, पण एक रकाना असा ठेवा की तिथे 'नाही' आलं तर बाकीची बेरीज बघायचीच नाही. तो रकाना असा : मुलगी शाळेत आणि घरी, दोन्हीकडे खरं बोलू शकेल का?

शाळेत जे शिकली ते घरी मोकळेपणाने सांगता यायला हवं, आणि आपण ते हसण्यावारी न नेता ऐकून घ्यायला हवं. घरी जे आहे ते शाळेत लपवावं लागू नये. आरतीचं ताट, कुणाचं दुसरं लग्न, "मी यावर विश्वास ठेवत नाही" हे वाक्य, सगळंच. शाळा कॉन्झर्वेटिव्ह असूनही हे जमतं अशा शाळा आहेत. मतं पक्की पण मुलीला मान देणाऱ्या शिक्षिका तिथे भेटतात. स्वतःला उदार म्हणवणाऱ्या शाळेतही कधी कधी हे जमत नाही. आणि काही वेळा शाळा ठीक असते, आपणच घरी म्हणतो, "तिकडचं तिकडे ठेव, इकडे बोलू नको." तेव्हा दोन चेहरे करायला मुलीला आपणच शिकवतो.

या रकान्यात 'हो' आलं तर शिस्त, अभ्यास, मैत्रिणी, लॅटिनसुद्धा, सगळ्याचा तिला फायदा होईल. 'नाही' आलं तर कितीही नावाजलेली शाळा असो, मुलीला तिथे सहा-सात वर्षं जपून बोलावं लागेल. त्यापेक्षा घराजवळचं पब्लिक स्कूल आणि रविवारची मराठी शाळा बरी.

या वर्षी ज्यांच्या घरी हा निर्णय आहे त्यांना शुभेच्छा. आपल्या भागातल्या शाळांबद्दल काही माहिती किंवा अनुभव असेल तर मंडळाला जरूर कळवा. पुढच्या पालकांना उपयोग होईल.